टोल्युइनमधली सिलिका: माल उत्तम, झाकण भिकार

कोरडी सिलिका पावडर टोल्युइन या द्रावकात घालून मी दोनदा तोंडघशी पडलो. एकदा वाळली की कणांच्या पृष्ठभागावरचे सिलॅनॉल (Si-OH) गट एकमेकांना असे धरून बसतात की ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणारा सोनिकेटरही हात टेकतो. म्हणून कणांवर सिलेन (कण एकमेकांना चिकटू न देणारं सिलिकॉनचं संयुग) लावलेलं हे तयार डिस्पर्शन, म्हणजे टोल्युइनमध्ये आधीच पसरवलेली सिलिका, घेतलं, ३० टक्क्यांचं. तीन महिने झाले, गाळ नाही. सिलिकाचा अपवर्तनांक सुमारे १.४६ आणि टोल्युइनचा १.५०, इतके जवळ की गुठळ्या असल्या तरी द्रव स्वच्छ दिसू शकतो, त्यामुळे नुसत्या पारदर्शकपणावर मी भुलत नाही. डीएलएसवर (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजणारं यंत्र) पुन्हा मोजलं, आकार १५ नॅनोमीटरच्या आसपास, पहिल्या दिवशी होता तोच.

पण झाकणाचं लायनर (आतलं अस्तर) टोल्युइनने फुगलंय. काठावर सुकलेले कपचे आत पडतात, मग गाळत बसा. आणि सिलेन कोणतं, ते लेबलवर नाहीच! सिलेन रेझिनशी जुळावं लागतं, म्हणून ॲक्रिलेट रेझिनमध्ये वापरणाऱ्याने आधी विचारून घ्यावं.