गादी शिवायची, कापायची की राहू द्यायची?

एमआरआयच्या रिपोर्टात 'मेनिस्कस टिअर', म्हणजे गुडघ्याच्या सांध्यातली गादी फाटलेली, दिसलं की माणूस थेट ऑपरेशनची तारीख विचारतो. मीही तेच केलं होतं. तारखेआधी विचारायचं असतं ते वेगळंच: चीर कुठे आहे आणि ती कशाने पडली?

गुडघ्यातल्या या गादीला रक्त पोचतं ते बाहेरच्या कडेला, साधारण एक तृतीयांश भागात. तिथली चीर टाके घातले की सांधू शकते, आतल्या कडेची सहसा नाही. त्यामुळे शिवायचं की फाटका तुकडा कापायचा, हे बऱ्याचदा दुर्बीण आत गेल्यावरच ठरतं. भूल उतरल्यावर मी आधी पाय चाचपला. गुडघ्याला बांधलेला आधाराचा पट्टा (ब्रेस) हाताला लागला, म्हणजे टाके पडले होते.

कापण्यात सुटका लवकर होते. बहुतेकांना लगेच पाय टेकता येतो, कुबड्या काही दिवसांपुरत्या, बैठं काम एक-दोन आठवड्यांत आणि खेळ चार-सहा आठवड्यांनी.

शिवलं तर साधारण चार ते सहा आठवडे ब्रेस, कुबड्या आणि गुडघा 90 अंशांपुढे वाकवायचा नाही. किती भार द्यायचा ते चिरीवर अवलंबून. उकिडवं बसणं निदान चार महिने बंद, पळणं-उड्या सहा महिन्यांच्या आसपास. कुबड्यांवर दोन्ही हात अडकतात. पाण्याचा पेला या खोलीतून त्या खोलीत नेता येत नाही, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. मांडी तर पंधरा दिवसांत डोळ्यांदेखत बारीक होते. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा कंटाळवाणा व्यायाम टाळलात, तर चाल सुधारायला दुप्पट वेळ लागेल असं समजा. एवढं करूनही पाचातली एखादी शिवण पुढच्या काही वर्षांत उसवते आणि पुन्हा टेबलावर जावं लागतं.

तरी वय कमी, चीर ताजी आणि कडेची असेल, तर माझं मत शिवण्याकडे. 1948 मध्ये फेअरबँक या ब्रिटिश सर्जननी गादी काढलेल्या गुडघ्यांच्या एक्स-रेत सांध्याची फट कमी झालेली दाखवली होती. तेव्हा अख्खी गादी काढत, आता तुकडाच काढतात. पण जेवढी गादी जाते, तेवढा हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थरावरचा (कूर्चेवरचा) ताण वाढतो.

चाळिशी-पन्नाशीत, झिजून फाटलेल्या गादीचा हिशेब निराळा. फिनलंडमध्ये 35 ते 65 वयाच्या 146 जणांवर प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2013 मध्ये आले. संधिवात नसलेले, पण झिजेने गादी फाटलेले हे लोक. काहींची गादी खरोखर कापली, बाकीच्यांचं नुसतं ऑपरेशनचं नाटक. वर्षभराने दोन्ही गटांच्या दुखण्यात म्हणावा असा फरक नव्हता! अशा गुडघ्याला आधी तीनेक महिने नेमाने फिजिओथेरपी द्यावी. तिने फरक पडला नाही तर ऑपरेशनचा रस्ता उघडाच असतो.

गुडघा अडकून सरळच होत नसेल, तर मात्र वाट बघू नका. फाटलेली गादी सांध्यात अडकलेली असू शकते. आणि ऑपरेशन कोणतंही असो, नंतर पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक धाप लागली, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. रक्ताची गुठळी असू शकते.