बोलकी कार्डं, ७९९ रुपये आणि टोमॅटो म्हणणारा हत्ती

या बोलक्या कार्डांच्या खेळण्याचा निकाल आधी सांगते, मग कहाणी. पाचपैकी दोन तारे. एक कार्डांच्या पुठ्ठ्याला आणि एक हत्तीला. हत्तीचं पुढे येईलच.

ओवी माझी नात. दोन वर्षं पुरी होऊन महिना झाला, तरी तिचे शब्द दोन हातांच्या बोटांवर मावत होते. आजी, आबा, मम, भू, नाई, दे आणि गाडीला 'घूं'. कळायचं सगळं. "चपला आण" म्हटलं की आणायची, त्याही ज्याच्या त्याला. पण तोंड उघडायचं म्हटलं की बोट दाखवून "अं, अं". समोरच्या वहिनी म्हणाल्या, "आमचा तर चौथं लागल्यावर बोलला, आता गप्प बसवावं लागतं." माझं समाधान झालं, सुनेचं झालं नाही. तिनं रात्री अकरा वाजता मोबाइलवर हे खेळणं मागवलं आणि तिसऱ्या दिवशी ते सांगलीत आमच्या दारात.

खोक्यावर छापील किंमत २,४९९, त्यावर काट, पडली ७९९ला. आत अस्वलाच्या तोंडाचं पिवळं यंत्र, चार्जिंगची वायर आणि ११२ कार्डं. दोन्ही बाजू छापलेल्या, म्हणजे २२४ शब्द. कार्ड खाचेत सरकवलं की यंत्र त्या चित्राचं नाव घेतं. प्राणी असेल तर वर ओरडूनही दाखवतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्याला अर्थ नाही. एकाच साच्यातली अशी यंत्रं वेगवेगळ्या नावांनी विकायला आहेत. अस्वलाऐवजी ससा, पिवळ्याऐवजी गुलाबी, एवढाच फरक.

चांगलं आधी. कार्डं जाड आहेत, कोपरे गोल आहेत, ओवीनं चावून, भिजवून, सोफ्याखाली ढकलूनही तीन महिने टिकली. एकदा चार्ज केलं की दोन दिवस जातं. आणि पडदा नाही, ही जमेची बाजू. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं सांगणं आहे की दोन वर्षांच्या आत स्क्रीन अजिबात नको आणि दोन ते पाच वर्षांत फार तर तासभर. आमच्या घरी जेवताना मोबाइल लागायचा, खोटं कशाला बोलू. हे यंत्र आल्यावर तो आठवडाभर लागला नाही.

आता बाकीचं.

खोक्यावर 'मराठीसह ५ भाषा' असं ठळक लिहिलंय. बटण दाबून मराठी लावली. सुनेनं केळ्याचं कार्ड घातलं. यंत्र म्हणालं, "केला." आमचे हे पेपर वाचत होते, मान वर करून म्हणाले, "काय केला?" मग डोळ्याचं कार्ड घातलं तर "डोला". बाळाचं घातलं तर "बाल". यंत्रात बोलणाऱ्या बाईंच्या 'ळ' गावीच नाही. चाकाचा 'च' चिमणीच्या 'च'सारखा, म्हणजे "च्याक". लिहायला अक्षर एकच असलं तरी आपल्या तोंडात हे दोन 'च' आहेत. मूल ते कानानंच शिकतं, दुसरी सोय नाही. मी टेलिफोन खात्यात ट्रंक एक्स्चेंजला, म्हणजे परगावचे कॉल जोडून द्यायच्या कामाला, १९८४ साली लागले आणि २०२०च्या जानेवारीत व्हीआरएस घेतली. छत्तीस वर्षं कानाला हेडसेट लावून लोकांची नावं आणि गावं ऐकली. 'वाळवा' हे गावाचं नाव नीट ऐकलं नाही तर कॉल भलतीकडे जायचा. मला हा "केला" पचला नाही.

चित्रांचं आणखी वेगळं. रकून नावाचा परदेशी प्राणी आहे, टर्की पक्षी आहे, मधे भोक असलेला कसला तरी पाव आहे. भाकरी नाही, पोळी नाही, रिक्षा नाही, झारा नाही. पाल नाही! ओवीला संध्याकाळी ट्यूबलाइटजवळची पाल दाखवल्याशिवाय चैन पडत नाही आणि यंत्राच्या २२४ शब्दांत पाल नाही. जे घरात रोज दिसतं त्याचं नाव आधी तोंडात येणार. टर्की कशी येईल?

पण उच्चार आणि चित्रं हे दुय्यम. खरी खोट मला दहाव्या-बाराव्या दिवशी कळली. सकाळी नऊची वेळ, सून कामावर गेलेली, मी कोथिंबीर निवडत होते, ओवी समोर कार्डं सरकवत होती. यंत्र बोलत होतं, ओवी ऐकत होती. अर्धा तास झाला आणि माझ्या लक्षात आलं की या अर्ध्या तासात मी एक शब्द बोललेले नाही. एरवी मी निवडताना तिच्याशी बडबडत असते, "हे बघ मूळ, माती लागलीय, शी, धुऊ या". आता अस्वल बोलतंय म्हटल्यावर मी गप्प. आणि ओवीही गप्प! बोलून करायचं काय, कार्ड सरकवलं की काम होतंय. आमच्या खात्यात अशा लाईनची तक्रार लिहून घ्यायचे. एकतर्फी आवाज. एका बाजूचं ऐकू जातं, दुसरी बाजू मुकी. ती लाईन चालू धरत नसत.

मुलाला हे सांगितलं तर त्यानं रात्री शोधून एक अभ्यास वाचून दाखवला. २०१६ साली 'जामा पीडियाट्रिक्स' या अमेरिकी नियतकालिकात आलेला. १० ते १६ महिन्यांची २६ बाळं आणि त्यांचे पालक. घरी खेळायला बॅटरीवर बोलणारी खेळणी दिली तेव्हा पालक मिनिटाला साधारण ४० शब्द बोलले, साध्या खेळण्यांशी ५६ आणि पुस्तक हातात असताना ६७. बाळांचे आवाजही पुस्तकाच्या मानानं बॅटरीच्या खेळण्यांशी कमी झाले. मला तो आकडा एकदम पटला. बोलणं मोजायची सवय आम्हाला जुनी, ट्रंक कॉलला तीन मिनिटं झाली की सांगायचं असायचं.

मधल्या काळात लसीच्या वेळी डॉक्टरांना विचारलं होतं. ते खेळण्याबिळण्याच्या आधी कान तपासून घ्या म्हणाले. घरात सगळ्यांचं एकच, "कान उत्तम आहेत, कुकरची शिट्टी झाली की दचकते." पण शिट्टी ऐकू येणं वेगळं आणि 'स', 'त' असे बारीक आवाज वेगळे. लाईनवर खरखर असली की माणूस बोलतोय हे कळतं, नाव कळत नाही. मिरजेला जाऊन तपासणी केली, कान ठीक निघाले. तिथल्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी तासभर ओवीशी खेळून घेतलं आणि मला तीनच गोष्टी सांगितल्या. "हे काय, ते काय" अशी परीक्षा घेऊ नका. ती जे करतेय त्याचं तुम्ही बोला. आणि बोलून झालं की थांबा, मनात दहा मोजा. शिवाय म्हणाल्या, दोन वर्षांचं मूल "मम दे" असे दोन शब्द जोडू लागायला हवं, तेव्हा चौथ्या वर्षाची वाट बघत बसू नका, दोन महिन्यांनी पुन्हा या. ज्यांना खर्चाचा प्रश्न आहे त्यांनी अंगणवाडीत चौकशी करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तिथे वर्षातून दोनदा येतं, तपासणी फुकट असते, त्यात बोलणं आणि ऐकणंही बघतात.

तर अस्वल कपाटावर गेलं आणि कार्डं खाली राहिली. इथून या खरेदीचे पैसे वसूल व्हायला लागले. तांदळाच्या डब्यात चार कार्डं पुरायची आणि ओवीनं हात घालून एकेक काढायचं. निघालं की मी हरखून, "अगंबाई, मांजर आलं! तांदळात झोपलं होतं!" डब्याचं झाकण मी मुद्दाम घट्ट लावायचे. ती डबा माझ्याकडे ढकलायची, "अं, अं". मी बघत राहायची. एक, दोन, तीन... सातव्या आकड्याला "उघल". लगेच उघडलं. पहिल्या दिवशी हे एकदाच झालं, आठवड्यानं "उघल" दिवसातून वीस वेळा, बिस्किटांचा डबा आणि फ्रिजसुद्धा.

दुसरी खरेदी गणपती पेठेतून, २२० रुपयांची स्टीलची भातुकली. कपबशा, पातेलं, पोळपाट-लाटणं, बोटाएवढा झारा. हिला मी पाचपैकी पाच देते, कडा थोड्या धारदार होत्या तरी. (पॉलिश पेपरनं घासून घेतल्या. तुम्हीही घासून घ्या.) दहा वर्षं गल्ल्यावर बसलेल्या दुकानदाराच्या थाटात ओवी चहा करते. मी कप तोंडाला लावते आणि तोंड वाकडं करते. "अगं, यात काय नाही गं?" आणि थांबते. ती माझ्याकडे बघते, पातेल्याकडे बघते, मोठा विचार होतो. "शाकल!" मग साखर. ती "शाकल" म्हणाली की मी "हो, साखर घाल, दोन चमचे साखर" म्हणते. चूक दाखवायची नाही, बरोबर करून पुढे न्यायचं. हेही थेरपिस्ट बाईंचंच.

अक्षरांचं म्हणाल तर या कार्डांतच ABCDचा एक गठ्ठा आहे, तो मी अजून खोक्याबाहेर काढलेला नाही. दोन वर्षांच्या पोरीला अक्षरओळख कशाला, म्हणून आमच्या घरात एक वाद झाला तो वेगळा. पण ओवीच्या स्टीलच्या डब्यावर तिचं नाव कोरून घेतलंय. तो डबा रोज हातात येतो. मी नुसतं 'ओ'वरून तिचं बोट फिरवते, "हा ओवीचा ओ". ताटात बारीक रवा पसरून त्यात गिरवते, आमच्या आजोबांच्या धूळपाटीचंच हे रूप. ती गिरवत नाही, रवा खाते. पण परवा औषधाच्या दुकानाच्या पाटीवर 'ओम' वाचलं तिनं. म्हणजे वाचलं कुठलं, 'ओ'कडे बोट केलं आणि स्वतःच्या छातीला लावलं. दुकानदाराला काय कळणार! मी मात्र तिथेच दोन मिनिटं उभी.

रात्री पुस्तक. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या साइटवर मराठी चित्रपुस्तकं फुकट आहेत, उतरवून छापताही येतात. पहिल्या पातळीची घ्यावीत, पानाला एखाददुसरी ओळ असते. मुलानं ऑफिसात नव्हे, बाहेर रंगीत छापून आणली, स्पायरलसकट ९० रुपये एक. ओवी पान उलटू देत नाही, एकाच कुत्र्यावर दहा मिनिटं. चालेल. कुत्र्याबद्दल बोलायला दहा मिनिटं कमीच पडतात.

आता हत्ती.

प्रत्येक कार्डाच्या खालच्या कडेला काळ्या रेघा आहेत, यंत्र त्या वाचून ओळखतं. ओवीनं हत्तीच्या कार्डाची ती कड चावली होती आणि वर वरण सांडलं होतं. एका दुपारी तिनं कपाटावरच्या अस्वलाकडे बोट केलं, मी दिलं. तिनं हत्ती घातला. यंत्र खणखणीत आवाजात म्हणालं, "टोमॅटो."

ओवीनं कार्ड काढलं. बघितलं. पुन्हा घातलं. "टोमॅटो." तिनं माझ्याकडे बघितलं. मला हसू फुटत होतं, पण मी ओठ आवळून मनात आकडे मोजत बसले. तिनं अस्वलाच्या तोंडाजवळ तोंड नेलं, जसं आम्ही बहिऱ्या आत्याबाईंच्या कानाशी नेतो, आणि ओरडली, "नाई! अत्ती!"

मग मी म्हटलं, "टोमॅटो नाही?"

"तोमातो नाई. अत्ती मोत्ता."

एका दमात दोन जोड्या. संध्याकाळी सून घरात शिरली तर हिनं तिला चप्पल काढू न देता ओढत नेलं, हत्ती घालून दाखवला आणि पुन्हा अस्वलाला झापलं. त्या दिवशी हा प्रयोग मुलापुढे, वहिनींपुढे आणि दूधवाल्यापुढेही झाला. बाकीचे २२३ शब्द सांगून यंत्राला जे जमलं नाही ते एका चुकलेल्या शब्दानं झालं.

तक्रारीचा भागही सांगून टाकते. 'केला'बद्दल मी कंपनीच्या नंबरवर फोन केला होता. चौदा मिनिटं संगीत, मग एक मुलगा हिंदीत म्हणाला, "मॅडम, उच्चार बरोबर आहे." मी त्याला 'ळ' म्हणून दाखवायला सांगितलं. त्यानं फोन ठेवला. ईमेलला उत्तर आलं की परत करण्याची मुदत ७ दिवसांची असते, ती संपली.

घ्यावं का? घरात बोलायला माणूस असेल तर यंत्राची गरज नाही आणि नसेल तर यंत्रानं भागत नाही. नुसती चित्रांची मराठी कार्डं शंभर-दीडशेत मिळतात, ती घ्या. आधीच घेऊन बसला असाल तर यंत्र उंचावर ठेवा आणि कार्डं तांदळात.

मागच्या आठवड्यात कंपनीचा मेसेज आला. अपवाद म्हणून परत घेतील, पण सगळी ११२ कार्डं मूळ स्थितीत हवीत. सुनेनं विचारलं, "आई, काय करायचं?" ओवी तेव्हा हत्ती उशीखाली घालून झोपली होती.