पिल्लू घरात राखायचं की कडेवर घेऊन हिंडायचं?

"आठ आठवड्यांचं पिल्लू घरी आलंय. डॉक्टर म्हणाले, लशी पुऱ्या होईपर्यंत बाहेर काढू नका. तू म्हणतेस, बाजार दाखव. आता कोणाचं ऐकू?" मावसबहिणीचा फोन. पिल्लू तिने वेंगुर्ल्याकडच्या घरी नेऊन ठेवलंय, सासू-सासऱ्यांना सोबत म्हणून. फोनवर मी घाईघाईत काहीबाही सांगितलं, ते इथे जरा सुधारून लिहिते. आमच्या घरी दोन कुत्री दोन तऱ्हांनी वाढली आणि तिसरी तऱ्हा वाडीत रोज बघते, म्हणून बोलायचा थोडा अधिकार आहे असं समजते.

आधी घाई कसली ते. पिल्लाचं मन साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत सताड उघडं असतं. या दिवसांत भेटलेली माणसं, ऐकलेले आवाज, पायाखाली आलेली जमीन त्याच्या हिशेबी कायमची ओळखीची होते. पुढे जे भेटतं ते आधी परकं, मग पटलं तर आपलं. १९६१ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात पिल्लं कुंपणाच्या आत, माणसांच्या सहवासाशिवाय वाढवली आणि वेगवेगळ्या वयाला एकेक आठवडा माणसांत आणली. ज्यांना चौदाव्या आठवड्यापर्यंत माणूस भेटलाच नाही, ती पुढे भेदरटच राहिली.

लशींचं वेळापत्रक मात्र वेगळं. पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांना, मग दर दोन ते चार आठवड्यांनी, आणि शेवटचा सोळा आठवडे झाल्यावर. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात असेतो ती लसही निकामी करते. ती कधी ओसरते हे प्रत्येक पिल्लाचं निराळं, म्हणून पुन्हा पुन्हा टोचायचं. म्हणजे लशी पुऱ्या होतात तेव्हा मनाचं दार बहुतेक लागलेलं असतं. डॉक्टर चुकीचं सांगत नाहीत. ते पोटाकडे बघून सांगतात.

घरातच राखलेला वाघ्या

वाघ्या आमच्याकडे जूनमध्ये आला, सात आठवड्यांचा. बाहेर काढू नका म्हटल्यावर मी ते ब्रह्मवाक्य मानलं. पडवीला फळी लावली आणि सोळा आठवडे होईपर्यंत त्याने उंबरठा ओलांडला नाही. भेटलं कोण? मी, आई, आणि दूधवाल्याचा आवाज. बाहेर धो धो पाऊस, पावसाळ्यात येतंय कोण?

या तऱ्हेची बाजू खोटी नाही. पार्वो म्हणजे पिल्लाला रक्ताची हगवण आणि उलट्या लावून दोन-तीन दिवसांत नेणारा आजार. त्याचा विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून मातीत उतरतो आणि महिनोन् महिने तिथे टिकतो. फिनेलवर विसंबू नका. पाण्यातल्या ब्लीचने मरतो, पण अंगणाला ब्लीच किती घालणार? शिवाय तो आपल्या चपलांना चिकटून घरात येतो, हे मला फार उशिरा कळलं. चपला पायरीखाली काढून पाय धुऊन आत यायची आपली जुनी रीत इथे उपयोगी पडते. पिल्लू घरात आहे म्हणजे ते सुरक्षितच आहे, असं नाही.

वाघ्या वाचला, धडधाकट झाला. मग गणपती आले.

साडेचार महिन्यांचा होता. मुंबईहून चाकरमानी आले, एका दिवसात घरात अठरा माणसं, त्यात पाच पोरं. पहिल्या आरतीला झांजा वाजल्या आणि वाघ्या जो माजघरातल्या पलंगाखाली शिरला, तो रात्री सगळे निजल्यावरच बाहेर आला. जागच्या जागी मुतला. दुसऱ्या दिवशी भाचा त्याला बाहेर काढायला वाकला तर हातावर दात लागले. थोडंसंच, पण रक्त आलं. साबणाने पंधरा मिनिटं हात धुतला आणि सरकारी दवाखान्यात नेऊन पोराला रेबीजची इंजेक्शनं सुरू केली. (पिल्लाची रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर टोचतात. त्याआधी त्याचा दात किंवा नख लागलं तर "आपलंच आहे" म्हणून सोडून देऊ नका.)

आज वाघ्या सहा वर्षांचा आहे. आईच्या पायाशी बसतो, पाहुणा आला की उठून परसात जातो. दुष्ट नाही, नुसता घाबरट. चतुर्थीचे दिवस मात्र दरवर्षी त्याला वाड्याच्या खोलीत कोंडून काढावे लागतात.

वाडीवर मोकळं वाढणारं

ही आपली जुनी पद्धत. पिल्लू चालायला लागलं की अंगणात, मग पाणंदीत, मग बाजारात. कोणी सामाजिकीकरण वगैरे म्हणत नाही, पण ते होतंच. गुरं, रिक्षा, मच्छीवाली, शिमग्याचे ढोल, भजनाचा पखवाज, पत्र्यावर आपटणारा नारळ, सगळं दहाव्या आठवड्याच्या आत पचवलेलं असतं. गावठी कुत्रा एसटीच्या हॉर्नला कान हलवत नाही तो यामुळे.

पण आपल्याला दिसतात ती जगलेली. एका वेतातली किती गेली, हे कोणी मोजत नाही. पार्वो, डिस्टेंपर (कुत्र्यांचा असाच दुसरा जीवघेणा संसर्ग), गाडीचं चाक, फुरसं. आणि बिबट्या. रात्री उघड्या पडवीत पिल्लू ठेवणं आमच्याकडे आता कोणी शहाणा करत नाही. ही तऱ्हा मी सुचवणार नाही. तिच्यातली शिकवण घ्यायची आणि पाय मातीला लागू द्यायचे नाहीत.

कडेवर फिरलेली चिंगी

चिंगी फेब्रुवारीत आली, आठ आठवड्यांची. तोवर मी जरा वाचलं होतं. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ साली सांगितलं होतं, की पहिला डोस होऊन निदान सात दिवस झाले आणि जंताचं औषध पाजलेलं असलं, की सात-आठ आठवड्यांच्या पिल्लांनाही इतर पिल्लांबरोबरच्या वर्गात न्यायला हरकत नाही. तीन वर्षांच्या आतली कुत्री संसर्गापेक्षा बिघडलेल्या वागण्यापायी जास्त जिवाला मुकतात, हेही त्यांनी मांडलं होतं. तिथलं सगळं इथे लागू होत नाही. तिथे बिघडलेलं कुत्रं निवाऱ्यात जातं आणि मारलं जातं, इथे आयुष्यभर साखळीला बांधलं जातं. आपल्या रस्त्यावर लस न टोचलेली कुत्रीही कितीतरी जास्त. म्हणून वर्ग सोडला (तसाही जवळपास कुठे नव्हताच) आणि पिशवी घेतली. भाजीची कापडी पिशवी, तळाला जुना टॉवेल.

पहिल्याच दिवशी तिठ्यावर शेजारच्या काकीने अडवलं. "काय गो, बारशाक नेतंस की काय ह्येका?" रस्ताभर हसू झालं. त्या एका थांब्यावर चिंगीला काकी भेटली, तिची छत्री भेटली, एक हेल्मेटवाला भेटला आणि दाढीवाले दोन भेटले.

कुठे न्यावं यात फरक आहे, तो मला चुका करून कळला.

बाजार सगळ्यात चांगला, पण सकाळी लवकर, दुकानं उघडताना. शटर वर जातानाचा आवाज, टेम्पो, पोरं, वास. दहा मिनिटं पुरतात.

मासळीचा लिलाव बघायचा तर लांबून, कट्ट्यावर बसून. जेटीवर कुत्री-मांजरं मुबलक, मासळीचं पाणी सगळीकडे, आणि पिल्लू एकदा का हातातून निसटलं की थेट घाणीत. गळ पडलेले असतात ते वेगळंच. इथे मी चिंगीला एकदाच नेलं.

किनारा मला सुरुवातीला सर्वांत स्वच्छ वाटला होता. उन्हात चमकणारी वाळू बघून कोणालाही वाटेल. पण कोरड्या वाळूत, होड्यांच्या सावलीला, गावभरची कुत्री झोपतात आणि तिथेच घाण करतात. भरतीचं पाणी नुकतंच उतरलेली ओली वाळू त्यातल्या त्यात बरी, हा माझा अंदाज. दुसरा डोस होऊन आठवडा उलटल्यावर चिंगीचे पाय मी तिथे पहिल्यांदा टेकवले, आडवारी, सकाळी, माणूस नसताना. वाळूवर पडलेला मेलेला केंड (अंग फुगवणारा मासा) तोंडात जाऊ देऊ नका, तो विषारी असतो. समुद्राचं पाणी पोटभर प्यायलं तरी उलट्या-जुलाब होतात. सुट्टीच्या दिवशी पर्यटक, पॅराशूट आणि जेट-स्कीचा गोंगाट कोवळ्या पिल्लाला झेपत नाही. थंडीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, वेळास, आंजर्ले, वायंगणी अशा किनाऱ्यांवर, आणि ती अंडी उकरण्यात कुत्री पुढे असतात. कुंपण दिसलं की पिल्लू उचलायचं.

झेपतंय की नाही हे पिल्लू सांगतं. कान मागे, शेपूट पायांत, पुन्हा पुन्हा ओठ चाटणं, झोप नसताना जांभई. सगळ्यात पक्की खूण म्हणजे आवडीचा खाऊ नाकारणं. उकडलेल्या चिकनचा तुकडा पुढे केला आणि तोंड फिरवलं, तर आपण फार जवळ आलोय. वीस पावलं मागे यायचं. "सवय होऊ दे" म्हणून तिथेच धरून ठेवलं तर सवय भीतीची होते. खारवलेलं सुकट खाऊ म्हणून देऊ नका, मीठ फार.

शिमग्याला चिंगी चौदा आठवड्यांची होती. पालखी आमच्या दारात नाचली तेव्हा मी तिला घेऊन मागच्या पडवीत, ढोलापासून भिंतीआड बसले होते. ती चिकन खात होती. पुढच्या वर्षी ती अंगणात बसली.

मग कोणी काय करावं

पिल्लू कोणत्या महिन्यात येतंय हे आधी बघा. गावठी कुत्र्या बहुधा थंडीत वितात, म्हणजे दिवाळीनंतरचं पिल्लू जानेवारी-फेब्रुवारीत हातात येतं. बाहेर कोरडं, वर्दळ बरी, शिमगा पुढ्यात. त्याला कडेवर फिरवणं सोपं. जूनच्या पिल्लाचं गणित अवघड. चिखल, साचलेलं पाणी, आणि उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो, जो कोकणात पावसाळ्यात माणसांनाही सोडत नाही. लेप्टोची लस वेगळी विचारून घ्या. तिचे दोन डोस लागतात आणि पुढे दरवर्षी एक. अशा पिल्लाला बाहेर कमी न्या आणि माणसं घरी जास्त आणा. वाघ्याच्या वेळी मला हेच सुचलं नाही. पडवी बंद ठेवायला कोणी सांगितलं नव्हतं. शेजारची पोरं एकेक करून आली असती, छत्री उघडून-मिटून दाखवता आली असती, मिक्सर लांबून ऐकवता आला असता, फोनवर झांजा हळू आवाजात लावता आल्या असत्या.

ओळखीचं, लशी टोचलेलं, शांत स्वभावाचं मोठं कुत्रं असेल तर त्याच्या अंगणात पिल्लू न्या. दुसऱ्या कुत्र्याशी कसं वागावं हे माणूस शिकवू शकत नाही. त्याच कारणासाठी आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. चावताना किती जोर लावायचा हे ते भावंडांकडून शिकतं. पाच आठवड्यांचं गोंडस पिल्लू कोणी हातात देत असेल तर तीन आठवडे थांबा.

घर माणसांनी भरलेलं असेल तर निम्मं काम आपोआप होतं. दोघंच म्हातारे असतील, मुलगा मुंबईत आणि घर वर्षभर शांत, तर ते पिल्लू सगळ्यात जास्त धोक्यात. पार्वोमुळे नव्हे, चतुर्थीमुळे. बहिणीचं घर नेमकं असं. सासऱ्यांचा गुडघा धरलेला, बाजारात पिशवी घेऊन ते जाणार नाहीत. म्हणून आम्ही ठरवलं ते असं: पिल्लू पडवीत, मांडीवर, सकाळी आठ ते नऊ. त्या तासात दारावर येणारी सगळी माणसं. पोस्टमन, गॅसवाला, नारळ काढायला येणारा. रविवारी शेजारची रिक्षा अंगणात बोलवून, इंजिन चालू ठेवून, पाच मिनिटं आत बसायचं.

सासऱ्यांना मी एवढं बजावलंय: मच्छीवाली आली की पिल्लू तिच्या हातात नको, पाटीपासून चार हात लांब तुमच्याच मांडीवर, आणि चिकनचा तुकडा आधीपासून खिशात.