गच्चीवरची भाजी: काळी माती की कोकोपीट?

रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघायच्या आत भेंडी, गिलकी (घोसाळी), चवळी लावून व्हायला हवी, त्यामुळे इंदुरात फेब्रुवारी लागला की हा प्रश्न येतोच. मी दोन्ही वापरून पाहिलंय.

कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. त्याचे गुण मान्य. पाच किलोची वीट भिजवली की सत्तरेक लिटर भुसा होतो, जिन्यावरून नेताना कंबर शाबूत राहते आणि जुन्या स्लॅबवर ओझं येत नाही. पण त्यात झाडाला खायला जवळजवळ काही नसतं. नीट धुतलं नाही तर क्षार राहतात, आणि टोमॅटोला कॅल्शियम वेगळं दिलं नाही तर फळाचं बूड काळं पडतं.

आपली माळव्याची काळी माती कसदार, पण हट्टी. ओली झाली की चिकट, वाळली की भेगा, आणि वरून ओतलेलं पाणी त्या भेगेतून थेट गच्चीवर. नुसती वापरूच नये. कुजलेलं शेणखत किंवा घरच्या ओल्या कचऱ्याचं खत मी मातीच्या निम्म्याने मिसळतो, शिवाय जाड वाळू. वाळू चिमूटभर घालण्यात अर्थ नाही. लिंबू किंवा पपई ड्रमात लावणार असाल तर तळाला भोकं सढळ हाताने पाडा. पाणी साचलेलं दोघांनाही सोसत नाही.

एवढं करूनही मी मातीकडे वळलो ते घरच्या मंडळींमुळे. कोकोपीट वरून भुरकट, कोरडं दिसतं आणि बोटभर खाली गच्च ओलं असतं. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, आणि आलं की सगळ्यांना झाडांची दया येते. आई पूजेचा तांब्या रिकामा करते, बायको तांदळाचं धुवण ओतते, शेजारचे काका फेऱ्या मारता मारता मगभर. मग मिरची पिवळी पडते, आणि पिवळी पडली म्हणून तिला आणखी पाणी! बोट घालून बघा म्हणून किती सांगायचं, आणि आईला तर कोण सांगणार? माती ओली असली की काळीभोर दिसते, कुणाचा हात पुढे होत नाही. वाळली की रंग उतरतो, कडा सुटतात.

एकटाच पाणी घालणारा असेल किंवा ठिबक असेल, तर कोकोपीट कदाचित सोपंही पडेल. वांगी, टोमॅटो, मिरचीची रोपं मी अजून त्यातच करतो. भेंडी-चवळीला तेवढंही नको, थेट कुंडीत टोचायची.