ट्रेलर ओढायला फोर-व्हील ड्राइव्ह ट्रक लागतोच का? काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आधी निष्कर्ष सांगते. ट्रेलर ओढण्यासाठी फोर-व्हील ड्राइव्ह (इंजिनची ताकद चारही चाकांना देणारी यंत्रणा) लागत नाही. ट्रेलर जिथे उभा केला तिथून तो परत रस्त्यावर आणायला लागू शकते. ही दुसरी गरज तुम्हाला आहे की नाही, हे तुम्ही मुक्काम कुठे करता त्यावर ठरतं.

आमचा ट्रक हाफ-टन (म्हणजे पिकअपचा हलका वर्ग), पेट्रोलचा, फोर-व्हील ड्राइव्ह आणि मागच्या डिफरेन्शियलला (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) लॉकर असलेला. मागे ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे ओढून न्यायचं चाकांवरचं घर, सामान भरल्यावर साधारण ७,००० पौंडांचा. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत फिरलो. कधी वीज-पाणी असलेल्या कॅम्पग्राउंडवर राहिलो, कधी नॅशनल फॉरेस्टमध्ये किंवा ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी खात्याच्या मोकळ्या जमिनीवर.

हायवेवर ट्रक कायम टू-व्हीलमध्येच चालवते. आमच्यासारख्या पार्ट-टाइम (गरजेपुरत्या चालू करायच्या) सिस्टिममध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये डिफरेन्शियल नसतं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, तो फरक कोरड्या डांबरावर कुठे जिरत नाही आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) येतो. म्हणजे प्रवासाचा बहुतेक भाग ही यंत्रणा नुसतं वजन म्हणून सोबत येते. घाट चढताना इंजिनची ताकद, मागच्या अ‍ॅक्सलचा गिअर रेशो आणि ट्रान्समिशन थंड ठेवायची सोय कामाला येते. उतरताना ट्रेलरचे ब्रेक आणि खालचा गिअर.

त्या वजनाबद्दल मात्र कोणी पुरेसं बोलत नाही. ट्रान्सफर केस, पुढचं डिफरेन्शियल, पुढचे शाफ्ट हे सगळं मिळून ट्रक काहीशे पौंडांनी जड होतो आणि तेवढाच पेलोड, म्हणजे ट्रकवर चढवता येणारं वजन, कमी होतो. हाफ-टन ट्रकमध्ये सगळ्यात आधी संपतो तो पेलोडच. जाहिरातीतला टोइंगचा मोठा आकडा बाजूला ठेवा आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा पिवळा स्टिकर वाचा. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते त्यावर त्या विशिष्ट गाडीसाठी लिहिलेलं असतं. ट्रॅव्हल ट्रेलरचं टंग वेट (ट्रकच्या हिचवर, म्हणजे जोडणीवर, पडणारा भार) एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असतं. ७,००० पौंडांच्या ट्रेलरचं १३ टक्क्यांनी धरलं तर ९१० पौंड. वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचे (भार वाटून देणारी जोडणी) साधारण १०० धरा. चौघांचं कुटुंब ५५० पौंड. झाले १,५६०, आणि अजून जनरेटर, सरपण, सायकली, कुत्रा यातलं काहीच चढलेलं नाही. स्टिकरवर १,६०० असेल तर फोर-व्हील ड्राइव्हने खाल्लेले पौंड इथे नक्की जाणवतात. फिफ्थ व्हीलमध्ये (पिकअपच्या हौद्यात जोडला जाणारा मोठा ट्रेलर) तर १५ ते २५ टक्के वजन ट्रकवर येतं, तिथे हा हिशेब आणखी कडक होतो. म्हणून माझं ठाम मत आहे की कायम पक्क्या साइटवर राहणाऱ्यांनी हे पैसे जास्त पेलोडच्या ट्रकवर घालावेत.

आता फोर-व्हील ड्राइव्ह उपयोगी कुठे पडली ते. सगळ्यात जास्त ओल्या गवतावर. डोंगर नाही, दगड नाही, साधं सपाट दिसणारं कॅम्पग्राउंडचं गवत. रात्रभर पाऊस पडला की ट्रेलरची चाकं थोडी बसतात, आणि सकाळी निघताना मागची चाकं जागेवरच फिरायला लागतात. फोर-हायमध्ये (नेहमीच्या वेगाची फोर-व्हील ड्राइव्ह) टाकून अ‍ॅक्सिलरेटर हलका ठेवला की ट्रक शांतपणे बाहेर येतो आणि गवतावर चर पडत नाहीत.

दुसरी जागा म्हणजे रस्ता आणि साइट यांच्यामधला खोलगट भाग. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच ट्रेलरचा भार पुढच्या अ‍ॅक्सलवर आणि ट्रेलरच्या चाकांवर वाटून देते. हायवेवर तेच हवं असतं. पण ट्रकची मागची चाकं खोलगटात उतरली की हिचचे बार मागची बाजू आणखी उचलून धरतात, आणि ज्या चाकांना ताकद मिळायची त्यांच्यावरचं वजनच हलकं होतं. तेव्हा पुढची चाकं ओढून नेतात. अशा जागी बार आधी काढून घेतले तर टू-व्हील ड्राइव्हवालाही बऱ्याचदा पार होतो.

लॉकरचं महत्त्वही इथेच कळलं. साध्या डिफरेन्शियलमध्ये दोन्ही चाकांना सारखाच जोर मिळतो, त्यामुळे एक चाक घसरलं की दुसऱ्यालाही तेवढाच तोकडा जोर मिळतो. लॉकर दोन्ही चाकं एकत्र फिरवतो. टू-व्हील ड्राइव्ह, मागे लॉकर आणि चांगले ऑल-टेरेन टायर हा संच आरव्हीवाल्यांच्या (ट्रेलर किंवा मोटरहोममध्ये राहून फिरणाऱ्यांच्या) बहुतेक अडचणी सोडवतो, आणि त्यात पेलोडही फारसा जात नाही.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेली गोष्ट फोर-लो, म्हणजे फोर-व्हील ड्राइव्हचा संथ गिअर. हा गिअर चाकांचा वेग अडीच पटींहून जास्त कमी करतो. चढावरच्या खडीच्या साइटमध्ये ट्रेलर मागे घालताना अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता ट्रक इंचाइंचाने सरकतो. नवरा मागे उभा राहून खुणा करतो आणि मला थांबायला पुरेसा वेळ मिळतो. जंगलातल्या खडीच्या उतारावरही ब्रेक न तापवता खाली येता येतं. मात्र हे मऊ किंवा सुट्या जमिनीवरच. सिमेंटच्या साइटवर स्टिअरिंग पूर्ण वळवून फोर-लोमध्ये मागे येऊ नका.

ट्रेलर सोडल्यावर उलटाच प्रकार होतो. हिचवरचं वजन गेलं की रिकाम्या पिकअपची मागची बाजू हलकी पडते. ट्रेलरसकट बिनघोर आलेला ट्रक पाणी आणायला एकटा निघाला की ओल्या चढावर चाकं फिरवतो. मोकळ्या जमिनीवर लांब मुक्काम करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. ब्युरोच्या बहुतेक जमिनीवर २८ दिवसांत १४ दिवस राहता येतं, आणि तेवढ्या दिवसांत रिकाम्या ट्रकच्या फेऱ्या बऱ्याच होतात.

आता मर्यादा. दक्षिण युटाच्या चिकणमातीच्या रस्त्यांवर पाऊस पडला की फोर-व्हील ड्राइव्हचा काही उपयोग नाही. ती माती टायरच्या खाचा भरून टाकते आणि चारही चाकं गुळगुळीत होतात. कॉटनवूड कॅन्यन रोडसारख्या ठिकाणी जमीन वाळेपर्यंत थांबणं हाच उपाय. वाळूचं वेगळं. टेक्सासच्या पॅड्रे आयलंडवर दक्षिणेकडच्या किनाऱ्याचे पहिले ५ मैल साध्या गाड्यांना खुले आहेत, पुढे फोर-व्हील ड्राइव्ह हवीच. तिथे टायरमधली हवा कमी करावी लागते, आणि हायवेवर भार घेऊन निघण्यापूर्वी ती परत भरावीच लागते. त्यामुळे एअर कॉम्प्रेसर सोबत हवा.

बर्फाबद्दल कळकळीने सांगते. चार चाकांची ताकद निघायला मदत करते, थांबायला अजिबात नाही. मागचे ७,००० पौंड बर्फावर तुम्हाला ढकलतच राहतात. कायदाही हे ओळखतो. कॅलिफोर्नियात आर-२ पातळीचा चेन कंट्रोल (बर्फात चाकांना साखळ्या लावण्याची सक्ती) लागला की स्नो टायरच्या फोर-व्हील ड्राइव्हला चेन लावण्यातून सूट असते, पण मागे ट्रेलर असेल तर ती सूट लागू होत नाही. ब्रेक असलेल्या ट्रेलरलाही चेन लावाव्या लागतात. आम्ही अशा वेळी घाटाच्या अलीकडेच मुक्काम करतो.

मोटरहोमवाल्यांचा (स्वतःचं इंजिन असलेल्या घरगाडीतून फिरणाऱ्यांचा) प्रश्न निराळा. मागे चारही चाकांवर गाडी ओढून न्यायची असेल तर न्यूट्रल असलेली ट्रान्सफर केस मोठं काम करते, कारण तिच्यामुळे चाकं फिरली तरी ट्रान्समिशन फिरत नाही. टू-व्हील ड्राइव्हचे ऑटोमॅटिक पिकअप सहसा असे ओढता येत नाहीत. मात्र फोर-व्हील ड्राइव्ह आहे म्हणजे न्यूट्रल आहेच असं नाही, तेव्हा गाडीच्या मॅन्युअलमध्ये परवानगी वाचूनच टो-बार बसवा.

आमचे निम्मे मुक्काम मोकळ्या जमिनीवर असतात, त्यामुळे पुढचा ट्रकही फोर-व्हील ड्राइव्हच घेऊ, पण थ्री-क्वार्टर टन (हाफ-टनच्या वरचा वर्ग), म्हणजे पेलोडची ओढाताण राहणार नाही. घेतलीत तर एक करा: अधूनमधून खडीच्या रस्त्यावर ती चालू करून थोडं अंतर चालवा. आत तेल फिरतं, आणि काही अडकलं असेल तर गरज पडण्याआधीच कळतं.