मस्टँग, कॅमारो की चार्जर? आधी पत्रा बघा, मग इंजिन

न्यू जर्सी, मिशिगन किंवा टेक्सासमध्ये वीस-पंचवीस वर्षं काढलेली, मुलं कॉलेजला गेल्यामुळे गॅरेजमध्ये एका गाडीची जागा मोकळी झालेली मराठी मंडळी हल्ली बऱ्याचदा एकच प्रश्न विचारतात: साठच्या दशकातली एखादी व्ही-८ (आठ सिलिंडरच्या इंजिनची गाडी) घ्यायची तर कुठली? नावं बहुधा तीनच असतात. फोर्ड मस्टँग, शेव्हरोले कॅमारो, डॉज चार्जर. प्रश्नाच्या शेपटीला अश्वशक्तीचे आकडे जोडलेले असतात, आणि तिथेच गाडी रुळावरून घसरते.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. एकीकडे लहान इंजिन आणि निरोगी पत्रा, दुसरीकडे मोठं इंजिन आणि गंजलेला पत्रा असेल, तर डोळे मिटून पहिली घ्या. इंजिन उतरवून नवं करणं हे अंदाज बांधता येईल असं काम आहे. गंजाचं तसं नाही. एक पॅनल कापलं की मागचं दुसरं दिसतं, आणि वेल्डिंगवाला तासावर पैसे घेतो.

आकड्यांबद्दल एवढंच लक्षात ठेवा. १९७१ पर्यंत कंपन्या जी अश्वशक्ती छापत, ती सायलेन्सर, एअर फिल्टर, अल्टरनेटर असली ओझी काढून स्टँडवर मोजलेली असे. १९७२ पासून सगळं जोडून मोजायला लागले आणि आकडे एकदम उतरले. त्यामुळे जुन्या माहितीपत्रकातले ३७५ आणि आजच्या गाडीचे ३७५ एका तराजूत घालू नका.

कोण कोण आहे

मस्टँग एप्रिल १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात आली, पायाभूत किंमत २,३६८ डॉलर, आणि पहिल्या वर्षभरातच चार लाखांवर खपली. मी इथे १९६७-६८ ची मस्टँग धरतो आहे, १९६५-६६ ची नाही. कारणं दोन, दोन्ही कंटाळवाणी आणि महत्त्वाची. आधीच्या गाड्यांत ब्रेकच्या मास्टर सिलिंडरला एकच कप्पा असतो, म्हणजे कुठेही एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. १९६७ पासून दोन कप्पे आले. दुसरं कारण कागदपत्रांचं, ते पुढे येईलच.

कॅमारो हे जनरल मोटर्सचं मस्टँगला उत्तर. १९६७ चं मॉडेल म्हणून १९६६ च्या सप्टेंबरात बाजारात आली. पहिली पिढी १९६९ पर्यंत. चार्जरची जी पिढी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते, ती १९६८ ते १९७०: मागच्या काचेच्या दोन्ही बाजूंनी उतरत जाणारे खांब, जाळीआड लपलेले दिवे. या दोघींच्या शेजारी ती उभी केली की थोरली बहीण वाटते. तिची लांबी २०८ इंच, म्हणजे सतरा फुटांच्या वर, तर मस्टँग आणि कॅमारो साडेपंधरा फुटांच्या आत-बाहेर. जुन्या घराचं गॅरेज अठरा फूट खोल असेल, आत वॉटर हीटर आणि भिंतीला टेकवलेल्या सायकली असतील, तर चार्जरचा प्रश्न टेप घेऊन पाच मिनिटांत निकालात निघतो.

नंबर काय सांगतो, काय लपवतो

इथे तिघींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि फसवणूकही इथेच होते.

मस्टँगच्या व्हीआयएनमधलं, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकातलं, पाचवं अक्षर इंजिनचं. सी म्हणजे दोन बॅरलच्या कार्बोरेटरचं २८९ घनइंची, ए म्हणजे चार बॅरलचं, के म्हणजे २७१ अश्वशक्तीचं खास २८९, एस म्हणजे १९६७-६८ चं ३९०. विक्रेता ‘ओरिजिनल ३९०’ म्हणत असेल आणि पाचवं अक्षर सी असेल, तर बोलणं तिथेच संपतं. दुसरं अक्षर कारखान्याचं: एफ म्हणजे डिअरबॉर्न, आर म्हणजे कॅलिफोर्नियातलं सॅन होजे, आणि टी म्हणजे मटचन. मटचन नावाचा हा कारखाना प्रत्यक्षात न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, रूट वनवर होता. २००४ मध्ये बंद झाला. एडिसन-वुडब्रिज पट्ट्यात राहणाऱ्या मराठी माणसाने टी अक्षराची मस्टँग घेतली, तर ती आपल्याच गावात बनलेली गाडी ठरते. किंमत याने वाढत नाही, पण मला ही गोष्ट आवडते.

शिवाय १९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांच्या कारखान्यातल्या नोंदी शाबूत आहेत, आणि त्यांवरून बनवलेला मार्टी रिपोर्ट विकत मिळतो. मूळ रंग, गिअरबॉक्स, मागच्या अॅक्सलचा रेशो, कुठल्या डीलरकडे गेली, सगळं त्यात येतं. १९६५-६६ साठी हे नाही. हे झालं दुसरं कारण.

कॅमारोचा व्हीआयएन जवळजवळ मुका आहे. १२३ ने सुरू झाला तर सहा सिलिंडर, १२४ ने सुरू झाला तर व्ही-८. पुढचे दोन आकडे ३७ असतील तर कूपे, ६७ असतील तर उघड्या टपाची. बस्स. ती एसएस होती का, झेड/२८ होती का (कॅमारोच्या या दोन जोरदार, महागड्या आवृत्त्या), याबद्दल चकार शब्द नाही. म्हणून नकली झेड/२८ आणि नकली एसएस यांचं पीक कॅमारोत सगळ्यात जास्त. १९६९ मध्ये खऱ्या झेड/२८ वीस हजारांच्या थोड्या वर बनल्या. त्यातल्या किती अपघातात आणि भंगारात गेल्या याचा विचार करा, आणि मग विक्रीच्या जाहिराती मोजा. मूळ खरेदीचे कागद, ‘प्रोटेक्ट-ओ-प्लेट’ (वॉरंटीच्या पुस्तिकेसोबत मिळणारी धातूची पट्टी), इंजिन ब्लॉकवर ठोकलेला गाडीचाच अर्धा क्रमांक, असं काहीतरी दाखवल्याशिवाय झेड/२८ चा जादा पैसा देऊ नये. गंमत अशी की साधी कॅमारो एसएससारखी सजवलेली असेल आणि विक्रेता तसं सरळ सांगत असेल, तर ती चांगली खरेदी असू शकते. चालवायला तीच मजा, किंमत कमी.

चार्जरचा नंबर पुन्हा बोलका. सुरुवातीला एक्सएस२९ म्हणजे आर/टी, ही जोरदार आवृत्ती, एक्सपी२९ म्हणजे साधी. १९६८-६९ मध्ये पाचवं अक्षर एल असेल तर ४४० घनइंची मॅग्नम, जे असेल तर ४२६ हेमी. बाकीचा तपशील इंजिनच्या खोबणीत स्क्रूने बसवलेल्या छोट्या पत्र्याच्या पट्टीवर असतो, आणि नशीब असेल तर कारखान्यातला मूळ कागद सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला सापडतो. पट्ट्या मात्र नव्याने बनवूनही मिळतात. पट्टी आणि नंबर एकमेकांशी जुळत नसतील तर पट्टीवर विश्वास ठेवू नका.

गंज कुठे शोधायचा

मस्टँगचा दुखरा भाग विंडशील्डच्या पुढच्या जाळीखाली आहे. तिथून हवा आत येते, पाणीही जातं, आतला पत्रा सडला की ते थेट ड्रायव्हरच्या पायाशी उतरतं. बघायला जाताना विक्रेत्याची परवानगी घेऊन त्या जाळीवर बादलीभर पाणी ओता आणि डॅशबोर्डखाली टॉर्च मारा. परवानगी नाकारली, तरी उत्तर मिळालंच. त्यानंतर पुढच्या शॉक टॉवरभोवतीच्या (पुढचं सस्पेन्शन जिथे बॉडीला टेकतं त्या खांबांभोवतीच्या) भेगा आणि दाराखालच्या बाजूंचे कोपरे बघा.

कॅमारोचा पुढचा भाग वेगळ्या सबफ्रेमवर, म्हणजे छोट्या सांगाड्यावर, आहे आणि तो बोल्टांनी मागच्या बॉडीला जोडलेला असतो. मधले रबर बसले की दारं नीट लागत नाहीत. दाराच्या फटी वरून खालपर्यंत सारख्या आहेत का ते पाहा. मग मागच्या काचेची चौकट, विशेषतः व्हायनलचं टप असेल तर: त्या कातडीखाली पाणी वर्षानुवर्षं निवांत बसून असतं. डिकीचा तळ शेवटी.

चार्जरमध्ये ते देखणे उतरते खांबच घात करतात. मागच्या काचेच्या तळाशी पन्हळ तयार होते, पाणी साचतं, काचेखालचा पत्रा कुजतो आणि ते डिकीत ठिबकतं. डिकीतला गालिचा उचलून बघितल्याशिवाय व्यवहाराचं बोलू नये. आणि हा पत्रा बदलणं सोपं नाही, कारण काच काढावी लागते.

तिघींनाही सारखं लागू: खिशात फ्रिजवरचा एक चुंबक ठेवा. पुट्टीवर तो चिकटत नाही. ॲरिझोना किंवा कॅलिफोर्नियातली कोरड्या हवेची गाडी ईशान्येकडच्या, हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यांवर वाढलेल्या गाडीपेक्षा पत्र्याने बरी निघते, मात्र तिचे रबर, सीट आणि डॅशबोर्ड उन्हाने करपलेले असतात. हे सगळं बदलून मिळतं, त्यामुळे मी तरी तिकडचीच गाडी शोधेन आणि ट्रकचं भाडं भरेन.

घरी आणल्यावर

सुट्या भागांत मस्टँगचा हात कोणी धरू शकत नाही. १९६७ या एका मॉडेल वर्षात पावणेपाच लाखांच्या आसपास गाड्या बनल्या, तेव्हा दाराच्या मुठीपासून अख्ख्या नव्या बॉडीपर्यंत सगळं आजही तयार होतं. कॅमारो जवळपास त्याच पायरीवर. शिवाय तिचं छोटं व्ही-८ हे १९५५ पासूनच्या शेव्हरोलेच्या घराण्यातलं, त्यामुळे त्याला हात लावू शकणारा मेकॅनिक कुठल्याही गावात भेटतो. मस्टँगवाल्यांत मूळ भाग जपण्याची चाल जास्त, कॅमारोवाले मात्र नवं इंजिन, नवे ब्रेक, नवं सस्पेन्शन बसवायला बिचकत नाहीत. तुमचा हात पान्याकडे जात असेल तर कॅमारो घ्या. १९६८ ची चार्जर मात्र ९६ हजारांच्या आसपासच बनली, आणि त्या पिढीतल्या शेकडो टीव्हीवरच्या एका मालिकेत उड्या मारून मोडल्या. तिचे भाग मिळतात, पण महाग, आणि वाट पाहायला लावून.

चार्जरची आणखी एक खोड. अल्टरनेटरचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या अॅमीटरमधून (करंट दाखवणाऱ्या काट्यातून) फिरून बॅटरीकडे जातो, आणि वाटेत इंजिन व केबिनमधल्या भिंतीवरचा एक प्लास्टिकचा कनेक्टर लागतो. पन्नास वर्षांनी त्यातले जोड गरम होतात, वितळतात. गाडी घरी आणल्यावर पॉलिश करण्याआधी ही वायरिंग जाणकाराकडून वळवून घ्या. १९६८-६९ चे लपणारे दिवे व्हॅक्यूमवर चालतात, नळीला चीर गेली की एक दिवा उघडतो, दुसरा मिटलेलाच राहतो. यात धोका काही नाही, शेजारी हसतात एवढंच.

तिघींच्या पोटात जायचं तेल-पेट्रोल मात्र सारखंच नाजूक. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबरी नळ्या खातं, तेव्हा त्या आधी बदला. इंजिन ऑइल जस्त जास्त असलेलंच हवं, नाहीतर कॅमशाफ्ट झिजतो. मायलेज गॅलनला दहा-पंधरा मैल. विमा ‘ठरलेल्या किमतीचा’ घ्या, म्हणजे नुकसान झालं तर कंपनी घसारा मोजत बसत नाही. अशा पॉलिसीत बंद गॅरेज आणि रोजच्या वापराची वेगळी गाडी या अटी बहुतेक असतातच.

घरच्यांना घेऊन फिरायचं असेल तर साल बघा. पुढच्या सीटला खांद्यावरचा पट्टा जानेवारी १९६८ पासून सक्तीचा झाला, डोक्यामागचा आधार जानेवारी १९६९ पासून. मागच्या सीटवर फक्त कमरेचा पट्टा. मस्टँग फास्टबॅकची (मागे उतरत जाणाऱ्या छपराच्या मस्टँगची) मागची सीट तर पिशव्यांसाठीच आहे. आई-बाबा पुण्याहून येणार आणि त्यांना मंदिरात न्यायचं, असं चित्र मनात असेल तर तिघींत चार्जरच त्यातल्या त्यात बसण्यासारखी, पण दारं इतकी लांब की पार्किंगमध्ये उघडताना घाम फुटतो. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली ४४० ची, दोन टनांच्या जवळ जाणारी गाडी उतारावर थांबवणं हाही वेगळाच अनुभव. पुढचे डिस्क ब्रेक तेव्हा जादा पैसे देऊन मिळत. बसवलेले असतील तर उत्तम, नसतील तर बसवा, मूळपणाची काळजी करू नका.

मग घ्यायची कुठली

पहिलीच जुनी गाडी असेल, तर १९६७ किंवा ६८ ची मस्टँग कूपे, २८९ किंवा ३०२ व्ही-८, पत्रा धड असलेली. फास्टबॅकचा हट्ट सोडलात तर तेवढ्याच पैशांत कितीतरी चांगल्या अवस्थेतली कूपे पदरात पडते, आणि स्टिअरिंगमागे बसल्यावर मागचं छप्पर कसं उतरतं हे तुम्हाला दिसतही नाही. स्वतः खटपट करायची हौस असेल, तर साधी व्ही-८ कॅमारो, बिल्ल्यांचे पैसे न देता. चार्जर ज्यांना हवी असते त्यांना दुसरी चालत नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांनी ४४० च्या मागे न लागता ३८३ ची एक्सपी२९ बघावी.

आणि कॅमारो एसएसइतकं बजेट असून नकलीची धास्ती वाटत असेल, तर चौथं नाव सुचवतो: १९६८-६९ ची पॉन्टिॲक जीटीओ. ४०० घनइंची इंजिन, पुढे रंगवलेला रबरी बंपर, आणि स्वतंत्र चॅसी, त्यामुळे बॉडी थोडी गंजली तरी सांगाडा वेगळा राहतो. व्हीआयएन २४२ ने सुरू झाला तर ती जन्मतः जीटीओ, दुसऱ्या कुठल्याही पॉन्टिॲकला तो आकडा नाही. कारखान्याच्या मूळ नोंदीची प्रतही पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून मागवता येते. गाडी बघायला जाण्याआधी विक्रेत्याकडून व्हीआयएन घेऊन ती प्रत मागवा. नंबर द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडे पेट्रोल जाळत जाऊच नका.