आठ महिने खऱ्या ड्रायव्हर्सबरोबर ऑनलाइन रेसिंग : वापरानंतरचा अनुभव

आठ महिने झाले आयरेसिंग (घरी कॉम्प्युटरवर खऱ्यासारखी गाडी पळवायचा ऑनलाइन सिम्युलेटर, थोडक्यात सिम) वापरतोय, जवळजवळ रोज, आणि इतके दिवस मुद्दाम काही लिहिलं नाही कारण पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर सगळं चुकीचं लिहिलं असतं. तेव्हा मला वाटायचं की खऱ्या ड्रायव्हरबरोबर रेस करायची म्हणजे त्याच्याइतकं फास्ट व्हायचं. आता वाटतं फास्ट होणं नंतरची गोष्ट आहे, आधी त्याला तुमच्या शेजारून गाडी काढताना भीती वाटली नाही पाहिजे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हे २००८ पासून चालू आहे, सबस्क्रिप्शनवर चालतं, थोड्या गाड्या आणि ट्रॅक त्यातच मिळतात आणि बाकीचे एकेक करून वेगळे विकत घ्यायला लागतात, त्यामुळे घेण्याआधी हिशोब नीट करा. ट्रॅक लेझरने स्कॅन केलेले आहेत म्हणजे खऱ्या रस्त्याचा उंचवटा, खड्डा, कर्बची म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या पट्टीची उंची सगळं जसंच्या तसं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, इथे खऱ्या नावाने खेळायचं असतं, टोपणनाव चालत नाही. सुरुवातीला मला हे जरा अवघड वाटलं होतं पण नाव दिसतंय म्हटल्यावर माणूस आपोआप जबाबदारीने वागतो, मी तरी वागायला लागलो.

आता "खरे ड्रायव्हर" म्हणजे कोण हे आधी स्पष्ट करतो कारण बरेच जण इथेच निराश होतात. फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर मॅक्स व्हर्स्टॅपन इथे खरंच खेळतो, टीम रेडलाइन या सिम रेसिंगच्या टीमकडून खेळलाय, २०१९ मध्ये त्याने आणि फॉर्म्युला वनच्याच लँडो नॉरिसने इथली स्पा ट्रॅकची २४ तासांची रेस जिंकली होती, आणि मे २०२४ मध्ये इमोलाची फॉर्म्युला वन रेस त्याने जिंकली त्याच वीकेंडला त्याच्या टीमने इथली नुर्बुर्गरिंगची २४ तासांची रेसही जिंकली, तोही त्या टीममध्ये होता. पण तुम्ही आज सबस्क्रिप्शन घेतलंत आणि उद्या त्याच्या मागे गाडी लावलीत असं होत नाही. एकाच वेळी खूप लोकांनी रेसला नाव दिलं की त्यांच्या कौशल्याच्या रेटिंगनुसार गट पडतात, त्याला स्प्लिट म्हणतात, आणि असे लोक सगळ्यात वरच्या स्प्लिटमध्ये असतात. आपल्याला मधल्या स्प्लिटमध्ये जे भेटतात ते वेगळे, क्लब लेव्हलला स्वतःच्या पैशाने खरी गाडी पळवणारे, कार्टिंगमधून आलेले, आठवडाभर नोकरी करून वीकेंडला ट्रॅकवर जाणारे. माझ्या मते शिकायला हेच लोक जास्त चांगले, कारण गाडी ठोकली तर काय होतं हे त्यांना स्वतःच्या खिशातून माहीत असतं.

रुकी म्हणजे नवशिक्याच्या लायसन्सचा पहिला महिना वाईट जातो, मानसिक तयारी ठेवा. मी आधी कितीतरी वर्षं कन्सोलवर खेळलेलो, तिथल्या कॉम्प्युटरच्या गाड्यांवर आदळून वळणं घ्यायची सवय, ती इथे पहिल्याच वळणावर बाहेर येते. इथे प्रत्येक चुकीला इन्सिडेंट पॉइंट असतात, चाकं ट्रॅकबाहेर गेली १, गाडीवरचा ताबा सुटला २, दुसऱ्या गाडीला जोरात धडकलात ४, आणि नुसतं हलकं घासलं तर ०. यावरून तुमचं सेफ्टी रेटिंग ठरतं, रुकीमधून बाहेर पडायला ते ३.० लागतं. आणि यातली सगळ्यांना खुपणारी गोष्ट अशी की चूक कुणाची हे सिस्टिम बघतच नाही, मागच्याने येऊन ठोकलं तरी दोघांनाही ४.

मला पहिले दोन महिने हे प्रचंड अन्यायाचं वाटायचं. रेस संपली की मी रिप्ले लावून बसायचो, चूक समोरच्याची कशी आहे हे स्वतःलाच सिद्ध करून दाखवायचो आणि ती बहुतेक वेळा त्याचीच असायची सुद्धा, पण त्याने माझं रेटिंग काही वर येत नव्हतं. मग कधीतरी मी प्रश्न बदलला, चूक कुणाची हे सोडून "हे मला किती आधी दिसू शकलं असतं" असं बघायला लागलो, आणि खरं सांगतो, दहातल्या सात-आठ वेळा दोन वळणं आधीच दिसत होतं. पुढचे दोघं भांडतायत, एकाने उशिरा ब्रेक मारलाय, आता हे आडवे होणार. तिथे अर्धा सेकंद पाय उचलला तर दोन जागा फुकट मिळतात. रेटिंग त्यानंतर चढायला लागलं.

ज्या रेसने माझी खेळायची पद्धत बदलली ती सविस्तर सांगतो. अमेरिकेतला लगूना सेका ट्रॅक, माझदा एमएक्स-५, साधी रुकीची गाडी. मी चौथा, पुढे तिसऱ्या नंबरवर एक जण, सहा लॅप त्याच्या मागे होतो आणि सहाही लॅप त्याने प्रत्येक वळणाला एकाच जागी ब्रेक मारला, म्हणजे मी त्याच्या ब्रेकच्या दिव्यावर माझा ब्रेक लावू शकत होतो इतका एकसारखा. सातव्या लॅपला दुसऱ्या वळणावर मी बाहेरून शेजारी गेलो. ते डावीकडचं लांबलचक हेअरपिन आहे, म्हणजे जवळजवळ उलटं फिरवणारं वळण, बाहेरच्याला जागा संपत जाते, मला वाटलं आता हा मला ढकलणार म्हणून मी आधीच गॅस सोडला, आणि त्याने मात्र बरोबर एका गाडीएवढी जागा ठेवली होती, ना जास्त ना कमी. मी गॅस सोडला नसता तर पुढे गेलो असतो. पुढच्या लॅपला तिथेच परत तसंच केलं आणि यावेळी पुढे निघालो.

मग कॉर्कस्क्रू, त्याच ट्रॅकवरचा उताराचा वळणांचा भाग. ज्यांनी तो चालवला नाही त्यांना सांगून कळणार नाही, चढ चढत जाता, ब्रेक मारायच्या वेळी समोर नुसतं आकाश आणि झाडं, रस्ता दिसतच नाही, आणि डावीकडे स्टिअरिंग फिरवलं की जमीन खालून निघून जाते, जवळजवळ १८ मीटर खाली, आणि लगेच उजवीकडे. तो मागे होता, खाली उतरताना माझी गाडी जरा हलली, तेवढ्यात तो जवळ आला आणि शेवटच्या अकराव्या वळणाला डावीकडून आत घुसला. स्पॉटर, म्हणजे शेजारी गाडी आली की सांगणारा आवाज, कानात "कार लेफ्ट" ओरडतोय, मी ऐकतोय, आणि तरीही मी वळलो, जणू तिथे कुणी नाहीच. धडकलो, तो गोल फिरला, दोघांना ४.

रेस संपल्यावर चॅटमध्ये मी सॉरी लिहिलं, तर तो अजिबात चिडला नव्हता. त्याने एवढंच सांगितलं की तू वळायला सुरुवात केलीस तेव्हा माझं पुढचं चाक तुझ्या दरवाजाशी होतं, तिथून पुढे ते वळण दोघांचं असतं. आणि म्हणाला मी हीच गाडी खरी पण पळवतो, तिथे अशी धडक बसली की माझा तो वीकेंड संपतो आणि पुढची रेस बहुतेक बुडते. मग म्हणाला रिप्ले माझ्या सीटवरून बघ.

हे फीचर मला माहीत होतं पण कधी वापरलं नव्हतं, रिप्लेमध्ये दुसऱ्याच्या कॉकपिटमध्ये बसता येतं. मी बसलो आणि त्याच्या काचेतून माझी गाडी बघितली. दरवेळी ब्रेक वेगळ्या जागी, सरळ रस्त्यावर उगाच थोडं डावीकडे, मग विचार बदलून उजवीकडे, वळणाच्या मध्येच पाय उचलतोय. त्याच्या जागी मी असतो तर शेजारून जायची हिंमत केली नसती. आणि त्याने ती केली, कारण माणूस शेजारी आहे म्हटल्यावर जागा देईल असं तो धरून चालला होता. हे बघून मला जे वाटलं ते कुठल्याही रेटिंगपेक्षा जास्त लागलं. दुसऱ्या दिवसापासून महिनाभर मी फक्त एकच गोष्ट केली, प्रत्येक ट्रॅकवर ब्रेकची एक खूण ठरवायची, बोर्ड असेल, डांबरावरचा डाग असेल, आणि तीच धरायची, दोन दशांश सेकंद हळू गेलो तरी चालेल.

सामानाबद्दल. स्टिअरिंगवर फार खर्च करू नका असं माझं स्पष्ट मत आहे, आधी ब्रेकचं पेडल बघा. माझं पहिलं पेडल साधं होतं, किती खाली गेलं ते मोजणारं, आणि पाय काही मिलिमीटर अचूक सांगू शकत नाही, जोर मात्र सांगू शकतो, म्हणून लोड सेलवालं घ्या, ते पायाचा दाब मोजतं आणि खऱ्या गाडीचा ब्रेक पण तसाच लागतो. (ज्या कंपनीचं पहिलं घेतलं होतं त्याचा सेन्सर चौथ्या महिन्यात गेला आणि वॉरंटीसाठी बरेच ईमेल करावे लागले, नाव घेत नाही.) दुसरं म्हणजे फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवर किती रुंद दृश्य दिसतं ते, स्क्रीन केवढी आणि डोळ्यापासून किती लांब हे मोजून टाका, सुरुवातीला वाटतं काहीच दिसत नाहीये, आठवड्याभरात कळतं की अंतराचा अंदाज आता कुठे यायला लागलाय.

इंटरनेट. वायफायवर खेळू नका, केबल लावा. समोरची गाडी तुम्हाला दिसते ती जिथे "असेल" तिथे दाखवलेली असते, माहिती यायला वेळ लागतो म्हणून मधला भाग सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं, त्यामुळे लांबच्या देशातल्या माणसाबरोबर कधीकधी तुमच्या स्क्रीनवर वीतभर अंतर असतं आणि तरी धडक लागते. यावर उपाय एकच, पिंग (माहिती यायला-जायला लागणारा वेळ) जास्त असलेल्या माणसाला वीतभर ऐवजी हातभर जागा द्या. खऱ्या ट्रॅकवर जे शेवटच्या इंचापर्यंत जातं ते इथे नाही जात, आणि हे खऱ्या ड्रायव्हर्सना पण नव्याने शिकावं लागतं.

त्यांना अजून एक गोष्ट शिकावी लागते ती म्हणजे शरीराशिवाय गाडी चालवणं. मागचं चाक सुटतंय हे त्यांना खऱ्या गाडीत पाठीला, सीटला कळतं, इथे ते फक्त डोळ्याला आणि हाताला कळतं आणि तेही उशिरा. मार्च २०२० मध्ये खऱ्या रेस बंद पडल्या तेव्हा हे सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. नॅस्कारने, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या कार रेसिंग संस्थेने, आयरेसिंगवरच मालिका घेतली, पहिली रेस होमस्टेड-मायामीची, डेनी हॅमलिनने जिंकली, तो वर्षानुवर्षं सिमवर खेळणारा माणूस. त्या मालिकेत विल्यम बायरनने पण रेस जिंकल्या, आणि त्याची गोष्ट मला सगळ्यात आवडते कारण तो मुळात रेसिंग शिकला तेच घरी कॉम्प्युटरवर, मग खऱ्या गाडीत बसला आणि २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं डेटोना ५०० ही नॅस्कारची सगळ्यात मोठी रेस जिंकला. फॉर्म्युला वनने त्यांच्या स्वतःच्या गेमवर रेस घेतल्या तिथे पहिली झोऊ ग्वानयूने जिंकली, पुढची चार्ल्स लक्लेरने, आणि नंतर जॉर्ज रसेलने तर सलग जिंकायचा सपाटा लावला. कोण जिंकतंय हे बघितलं तर रोज घरी सराव करणारेच होते.

मध्ये एक वेगळी कल्पना पण बरीच चर्चेत होती, खऱ्या चालू रेसमधल्या गाड्यांचा जीपीएस डेटा घ्यायचा आणि घरी बसून त्याच क्षणी त्यांच्याविरुद्ध खेळायचं. ऐकायला भन्नाट आहे, पण मला विचाराल तर त्यात मुख्य गोष्टच नाही. ट्रॅकवरच्या त्या ड्रायव्हरला तुम्ही दिसतच नाही. तुम्ही शेजारी गेलात तर तो जागा देणार नाही, अडवणार नाही, तुमच्या गाडीतून आरपार निघून जाईल. वेळेची तुलना होईल, रेस होणार नाही. त्या एका गाडीएवढ्या जागेसाठी तर मी हे सगळं करतोय.

त्रास पण सांगतो. पॉज नाही. दाराची बेल वाजो, फोन येवो, वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं, घरच्यांना आधी सांगून बसा, मी दाराला चिठ्ठी लावतो. रेस ठरलेल्या वेळेलाच सुटतात. व्हॉइस चॅटवर काही लोक घाणेरडं बोलतात, त्यांना सरळ म्यूट करा आणि उत्तर देऊ नका, रागात केलेली पुढची लॅप हमखास भिंतीत जाते. आणि वेळ खूप जातो, एका रेससाठी मी किमान दोन तास सराव करतो, ज्यांना रोज थोडा वेळ मजा हवीये त्यांना हे झेपणार नाही, त्यांनी घेऊ नये असंच मी सांगेन. बारा आठवड्यांचा सीझन असतो, दर आठवड्याला ट्रॅक बदलतो, एक ट्रॅक हातात बसेपर्यंत तो संपलेला असतो, हे मला अजूनही खटकतं.

मागच्या महिन्यात जपानमधल्या ओकायामा ट्रॅकवर लगूना सेकावाला तो परत भेटला. यादीत नाव बघितलं आणि हात घामेजले, खोटं कशाला बोलू. मागच्या सरळ रस्त्यावरून हेअरपिनला तो आतून आला, यावेळी मी स्पॉटरची वाट बघितली नाही, आरशात दिसला होता. मी ठरलेल्या खुणेला ब्रेक मारला, स्टिअरिंग उशिरा फिरवलं, आत बरोबर एक गाडी मावेल एवढं सोडलं. बाहेर पडताना दोघं शेजारी. पुढच्या वळणाला पण शेजारी. पुढच्या अख्ख्या लॅपला कधी तो अर्धी गाडी पुढे, कधी मी, आणि परत तेच हेअरपिन, आता मी आत आणि तो बाहेर, त्याने तसूभर पण गॅस सोडला नाही. शेवटी एकदा दारं हलकी घासली, ०. तो पाचवा आला, मी सहावा. रिप्ले सेव्ह करून ठेवलाय, दोन्ही सीटवरून.